शाळेत कोणाला ठेवायचं? : कोकणातल्या एका गावाचा मे-जून २०२० मधला प्रकरण अभ्यास

(गावाचं आणि माणसांची नावं दिलेली नाहीत. ओळख पटू नये म्हणून काही किरकोळ तपशील बदलले आहेत. निर्णयांचा क्रम आणि त्यामागची कारणं मात्र तशीच ठेवली आहेत.)

पार्श्वभूमी

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तरेला, खाडीच्या काठावरचं हे गाव. पाच वाड्या, सव्वाशेच्या आसपास घरं आणि त्यातली निम्मी वर्षातले बरेच महिने कुलपात. कर्ती माणसं मुंबईत, म्हातारी माणसं आणि सुना-मुलं गावात, असं इथे तीन-चार पिढ्या चाललं आहे. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे अकराशेहून जास्त बायका होत्या, त्या याच कारणाने.

गावाचं एक अंग मुंबईत असतं आणि त्याला मंडळ म्हणतात. प्रत्येक वाडीचं मंडळ, आणि सगळ्या वाड्यांचं मिळून एक. देवळाचा सभामंडप, नळपाणी योजनेची लोकवर्गणी, शाळेची स्लॅबची नवी खोली, या सगळ्याला मंडळाचा पैसा लागलेला. गावकीच्या बैठकीत मंडळाच्या चिटणिसांचा शब्द मोठा.

२०२० चा शिमगा नेहमीसारखाच झाला. ९ मार्चला होळी होती आणि त्याच दिवशी पुण्यात राज्यातले पहिले कोरोना रुग्ण सापडले. पालखी घरोघरी फिरून झाली, मुंबईकर परत कामावर गेले आणि २४ मार्चच्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली. दहा बाय बाराच्या खोलीत सात-आठ माणसं, मजल्याला सामायिक संडास, अशा चाळींत आणि वस्त्यांत ही माणसं अडकली. मार्चअखेरीस वरळी कोळीवाडा सील झाला, १ एप्रिलला धारावीत पहिला रुग्ण सापडला. हातावरचं काम बंद पडलं. मे उजाडला तेव्हा लोकांनी गावची वाट धरली. कोणी पास काढून खासगी गाडीने, कोणी भाजीच्या नाहीतर दुधाच्या टेम्पोत बसून, कोणी चालत. कशेडीच्या नाक्यावर रांगा लागल्या. तिथे नोंद व्हायची, ताप बघितला जायचा आणि हातावर शिक्का बसायचा.

प्रश्न

गावात ग्राम कृती दल होतं. सरपंच त्याच्या प्रमुख. जोडीला ग्रामसेवक, तलाठी, पोलीस पाटील, आशाताई, अंगणवाडी सेविका. बाहेरून येणाऱ्याला चौदा दिवस वेगळं ठेवायचं, हा वरून आलेला आदेश. कुठे ठेवायचं, कोणी खायला घालायचं, कोणी लक्ष ठेवायचं, हे बरंचसं गावावर सोडलेलं.

गावाची भीती खोटी नव्हती. साठीच्या पुढची माणसं पुष्कळ, त्यातल्या अनेकांना दमा, साखर, रक्तदाब. तालुक्याचं रुग्णालय तासाभराच्या वाटेवर. तपासणीचे नमुने तेव्हा मिरजेला जात आणि अहवाल यायला दिवसच्या दिवस लागत. एखाद्या वाडीत साथ शिरली असती तर किती म्हातारी माणसं हाती लागली असती, हे कोणालाच सांगता येत नव्हतं.

आणि येणाऱ्यांची निकडही खोटी नव्हती. गाव म्हणजे त्यांचं स्वतःचं घर. सातबाऱ्यावर त्यांची नावं होती आणि म्हातारे आईबाप दारात वाट बघत होते.

म्हणून 'गावाच्या हितासाठी' हे शब्द मे महिन्यात प्रत्येक बैठकीत निघाले, आणि दर वेळी मला त्यातला 'गाव' कोण हे विचारावंसं वाटतं. बैठकीला जे हजर होते ते? की मुंबईच्या खोलीत बसलेले, ज्यांच्याबद्दल ठरवलं जात होतं तेही? या प्रकरणातला प्रत्येक चांगला आणि प्रत्येक वाईट निर्णय या एका गोष्टीवर ठरला.

पर्याय

मेच्या पहिल्या पंधरवड्यात सभामंडपात अंतर ठेवून बैठक झाली. चार गोष्टी पुढे आल्या.

एका वाडीने फाट्यावर आडवं लाकूड टाकून रस्ता आधीच बंद केला होता. त्यांचं म्हणणं सरळ: कोणी येऊच नये. पोलीस पाटलांनी हे कायद्यात बसत नसल्याचं स्पष्ट सांगितलं. शिवाय ज्यांनी लाकूड टाकलं त्यांच्यातल्याच दोघांचे मुलगे नालासोपाऱ्याला होते. आठवड्याभरात लाकूड निघालं. त्यावर फार वाद घालावा लागला नाही.

दुसरा पर्याय, ज्याने त्याने आपल्या घरी वेगळं राहावं. पण इथली जुनी घरं ओटी, माजघर, पडवी अशी एकाला एक लागून. वेगळी खोली नाही, संडास एकच, तोही परसात. मुलगा ओटीवर आणि आई माजघरात, याला विलगीकरण म्हणणं म्हणजे स्वतःची फसवणूक.

तिसरा पर्याय शाळेचा. जुनी कौलारू इमारत, तीन वर्ग, आणि शेजारी स्लॅबची एक मोठी खोली. गावापासून जरा लांब, फाटक एकच, नजर ठेवायला सोपी.

चौथा पर्याय फोनवरून मंडळाच्या चिटणिसांनी सुचवला. गावात मुंबईकरांची बंद घरं आहेत, त्यातली कित्येक नवी, स्लॅबची, संडास-बाथरूम आत असलेली. किल्ल्या शेजाऱ्यांकडेच असतात. एकेका कुटुंबाला एकेक घर द्या, मालकांची परवानगी मी आणतो.

हा पर्याय दहा मिनिटांत बाजूला पडला. "घरोघर कोण पहारा देणार?" हा एक मुद्दा. दुसरा उघड कोणी बोललं नाही, पण आशाताईंनी तो मागाहून सांगितला. शाळेत ठेवलं की गावाला दिसतं, काहीतरी कडक चाललंय असं वाटतं, आणि त्या दिवसांत लोकांना तसं वाटणं हवं होतं.

काय केलं

शाळा ठरली. मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून माणसं यायला लागली आणि महिनाअखेर तिथे पंचवीस-तीस जण होते, बायका आणि लहान मुलं धरून. घरच्यांनी डबा फाटकाशी ठेवायचा, लांब व्हायचं, मग आतल्याने येऊन उचलायचा.

दोन दिवसांतच अडचणी उघड्या पडल्या. संडास दोन, तेही शाळकरी मुलांच्या मापाचे, आणि रात्री तिकडे दिवा नाही. पाणी टाकीतून बादलीने न्यायचं. पाळी आलेल्या बायका अंधार पडण्याआधी सगळं उरकून घेत आणि रात्रभर पाणी पीत नसत. बैठकीत बोलणारे सगळे पुरुष होते, त्यामुळे हा विषय निघालाच नव्हता. सरपंच बाई होत्या, पण राखीव जागेवर निवडून आलेल्या, पहिलीच खेप, आणि गावकीपुढे त्या तोवर फारशा बोलत नसत. या वेळी त्या स्वतः शाळेवर गेल्या, फाटकाबाहेर उभ्या राहून बायकांचं ऐकून घेतलं आणि गावकीला न विचारता वायरमनला बोलावून संडासापाशी दिवा लावून घेतला. सातव्या महिन्यातल्या एका बाईला त्यांनी स्वतःच्या चुलत दिरांच्या बंद घरात हलवलं. त्यावर कुरकुर झाली. "एकीला एक नियम, दुसरीला दुसरा?" त्यांचं उत्तर असं होतं की सगळ्यांना सारखं वागवायचं म्हणून गरोदर बाईला जमिनीवर झोपवायचं नसतं.

डब्याचंही तसंच. ज्यांचं गावात घरचं कोणी नव्हतं, अशा दोन कुटुंबांना पहिले दोन दिवस डबाच आला नाही. शेजारच्या गाद्यांवरच्यांनी आपल्यातलं दिलं. हे कळल्यावर अंगणवाडी सेविकेने वाडीवार पाळ्या लावल्या. रोज एका वाडीने त्या कुटुंबांचं जेवण द्यायचं.

इथे जरा थांबून सांगायला हवं. सार्वजनिक आरोग्याच्या नीतिशास्त्रात एक साधं तत्त्व आहे: इतरांच्या भल्यासाठी कोणाला अडवून ठेवलं, तर अडवणाऱ्यांवर त्याचं देणं लागतं. जेवण, औषध, बुडालेली मजुरी, सुरक्षित जागा, मान. २००३ मध्ये सार्सच्या साथीत टोरांटोत हजारो लोकांना विलगीकरणात राहावं लागलं, तेव्हापासून या परस्परतेच्या तत्त्वावर बरीच चर्चा झाली. मानवी हक्कांवर सरकारला कधी बंधन घालता येतं याबद्दलच्या १९८४ च्या आंतरराष्ट्रीय सिराक्युझा तत्त्वांनीही सांगून ठेवलंय की हक्कांवरचं बंधन कायदेशीर, गरजेपुरतं आणि शक्य तितकं सौम्य असावं. आपल्याकडे उलटा अनुभवही आहे. २०२० मध्ये ज्या साथरोग कायद्याचा आधार घेतला गेला तो १८९७ चा, मुंबईतल्या प्लेगच्या वेळचा. त्याच वर्षी पुण्यात रँडच्या अमलाखाली सोजिरांनी घरात शिरून झडत्या घेतल्या, माणसं उचलून छावण्यांत नेली. रोग आटोक्यात आणायचा हेतू असूनही लोक आजारी माणसं लपवायला लागले. माणसं लपवायला लागली की साथ हाताबाहेर जाते. ही गोष्ट या गावालाही लागू होती.

कारण मेच्या शेवटच्या आठवड्यात तेच घडू लागलं. शाळेतल्या एकाचा अहवाल पॉझिटिव्ह आला. त्याला रुग्णवाहिकेने कोविड केंद्रात नेलं. तासाभरात त्याचं नाव, वाडी, मुंबईतला पत्ता आणि फोटो तालुक्यातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर फिरू लागला. त्याच्या आईला सार्वजनिक विहिरीवर पाणी भरू देईनात. नमुना घ्यायला बरोबर गेलेल्या आशाताईंच्या दारात कोणी फिरकेना, त्यांच्याकडचं दूध घेणं बंद झालं. या बाईंना कोविडच्या कामासाठी केंद्राकडून महिन्याला हजार रुपये जादा मिळणार होते. गावासाठी त्या उन्हात पाच वाड्या चालत होत्या आणि गावाने त्यांचंच दूध नाकारलं. पुढचे दोघे जण रात्री मागच्या पाखाडीने परस्पर घरी गेले. शाळेत गेलो तर आपलंही असंच होणार, हे त्यांनी पाहिलं होतं.

पोलीस पाटलांनी ग्रुपवरचा फोटो काढायला लावला. पण तो पसरायचा तेवढा पसरलेला होता.

वादळ

२ जूनला दुपारी तहसीलमधून निरोप आला: चक्रीवादळ येतंय, खाडीकाठच्या कच्च्या घरांतली माणसं पक्क्या इमारतीत हलवा. गावात अशा कामाला ठरलेली पक्की इमारत एकच, शाळा.

म्हणजे आता एकाच इमारतीवर दोन हक्क. आत पंचवीसेक माणसं, ज्यांना गावापासून लांब ठेवायचं होतं. बाहेर खाडीकाठची बारा-तेरा कुटुंबं, बहुतेक म्हातारी माणसं, ज्यांना रात्रीपर्यंत आत आणायचं होतं. विलगीकरणाचा नियम पाळावा तर वादळाचा मोडतो, वादळाचा पाळावा तर विलगीकरणाचा.

पहिली सूचना आली ती अशी: शाळेतल्या मुंबईकरांनी कौलारू वर्गांतच राहावं, स्लॅबची खोली खाडीकाठच्यांना द्यावी. बोलणाऱ्याचा आवाज शांत होता आणि त्यात द्वेष नव्हता. "गावची माणसं आधी." बऱ्याच जणांनी माना डोलावल्या.

मला हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा क्षण वाटतो. दोन आठवडे ज्यांना धोका म्हणून वागवलं, ती माणसं आता धोक्यात होती. ती फाटकाच्या आत होती ती गावाच्या सांगण्यावरून. त्यांना स्वतःहून कुठे जायची मुभा नव्हती. ज्याला आपण अडवून ठेवलं त्याच्या डोक्यावरचं छप्पर ही आपली जबाबदारी होते, घरी मोकळं असलेल्या माणसाच्या छपरापेक्षाही थोडी जास्त. सगळ्यांना एका स्लॅबखाली आणणं हा दुसरा टोकाचा मार्ग, आणि त्यात म्हाताऱ्यांना संसर्गाचा खरा धोका होता.

सरपंचबाईंनी तिथूनच चिटणिसांना फोन लावला. "काका, तुम्ही म्हणाला होतात ती घरं. आज रात्री हवीत."

चिटणीस लालबागच्या खोलीत बसून फोनावर फोन करत राहिले. रात्री साडेअकरापर्यंत सात घरांची परवानगी आली. एका मालकाने साफ नकार दिला, आणि त्याचं घर उघडायचं नाही असं सरपंचांनी ठरवलं. वादळाच्या रात्री कुलूप तोडलं असतं तरी कोणी दोष दिला नसता, पण उरलेल्या सात मालकांचा विश्वास त्यात गेला असता. शाळेतल्या कुटुंबांना एकेक घर मिळालं. ज्यांचे बारा-तेरा दिवस झाले होते असे चार तरुण एका घरात एकत्र राहिले. दोनच दिवसांपूर्वी आलेली माणसं स्लॅबच्या खोलीतच थांबली. खाडीकाठच्या बहुतेकांना भावकीतल्या पक्क्या घरांनी घेतलं, तीन कुटुंबं ग्रामपंचायतीच्या कार्यालयात झोपली.

३ जूनला दुपारी निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आलं. ताशी शंभर किलोमीटरच्या वर वारा. इकडे पोफळी मधून मोडल्या, नारळ उन्मळले, आंबा-काजूची पन्नास-पन्नास वर्षांची झाडं आडवी झाली. शाळेच्या कौलारू इमारतीचे वासे दुपारी तीनच्या सुमारास खाली आले. मधल्या वर्गात, जिथे आदल्या संध्याकाळपर्यंत बायका आणि मुलं झोपत होती, तिथे कौलांचा गुडघाभर ढीग पडला.

त्यानंतरचे निर्णय

वीज गेली ती कित्येक दिवस आली नाही. मोबाइलचे टॉवर बंद. निम्म्या घरांवर छप्पर नाही आणि पाऊस दारात. शिडीवर चढेल असं माणूस गावात शोधावं लागत होतं. असे हात त्या सात घरांत होते.

चौथ्या दिवशी विलगीकरणातले तरुण कौलं चढवायला लागले. कोणी परवानगी दिली नाही आणि कोणी अडवलंही नाही. ज्यांनी त्यांच्यासाठी डबा लांबून ठेवला होता त्यांच्याच वाशांवर ते बसलेले. तोंडाला गमछा बांधलेला, पण कौलं हातोहात द्यावी लागतात, तिथे सहा फुटांचं अंतर राहत नाही.

मग एक अहवाल आला. नमुना वादळाआधीचा, आणि नेटवर्क नसल्याने निरोप दोन दिवस उशिरा, कागदावर. त्यातला एक मुलगा पॉझिटिव्ह. तोवर तो तीन घरांवर चढून आला होता.

या खेपेला आशाताईंनी वेगळं केलं. कोणाला फोन नव्हते हा योगायोग त्यांच्या पथ्यावर पडला. त्या आधी त्या मुलाकडे गेल्या, मग त्या तीन घरी स्वतः चालत गेल्या आणि फक्त त्यांनाच सांगितलं. कोणाच्या संपर्काने, कधी, काय लक्षणं दिसली तर काय करायचं. सभामंडपात काहीच जाहीर झालं नाही. तीन घरांपैकी दोन घरांनी दहा-बारा दिवस स्वतःला नीट वेगळं ठेवलं. तिसऱ्या घराला छप्परच धड नव्हतं, ते शक्य तेवढं सांभाळून राहिले.

परिणाम

पॉझिटिव्ह आलेले दोघेही बरे होऊन परतले. त्या तीन घरांत कोणी आजारी पडल्याचं पुढे आलं नाही. पण या घरांतून दोघांचेच नमुने गेले, त्यामुळे संसर्ग झालाच नाही असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. शाळेने गाव वाचवलं असं गावात सांगितलं जातं. तेही सिद्ध करता येणार नाही. मागच्या पाखाडीने घरी गेलेल्या दोघांनीही कोणाला बाधा केली नव्हती.

जुलैमध्ये गणपतीचा विषय निघाला तेव्हा बैठकीत फोन स्पीकरवर ठेवून मंडळाला बसवलं गेलं. बंद घरांची यादी, किल्ली कोणाकडे, संडास आहे का, कोणाला आधी द्यायचं, हे वहीत लिहिलं गेलं. शासनाने गणपतीसाठी विलगीकरण दहा दिवसांवर आणलं होतं, त्यामुळे १२ ऑगस्टपर्यंत पोचणारे या घरांत राहिले आणि २२ ऑगस्टला आपापल्या घरच्या गणपतीला बसले. शाळेचा विषयच आला नाही.

पहिला पॉझिटिव्ह आलेला माणूस त्या गणपतीला आला नाही. विहिरीवर आईला अडवणाऱ्यांत त्याची सख्खी चुलती होती. चिटणिसांनी समजूत घालून पाहिली.

मे २०२१ मध्ये दुसरी लाट गावात मुंबईहून नव्हे तर तालुक्याच्या बाजारातून आली. राज्याने रत्नागिरीसह काही जिल्ह्यांत घरगुती विलगीकरण बंद केलं, आणि शाळेच्या दुरुस्त केलेल्या वर्गांत या वेळी गावातलीच माणसं गेली. त्यात वर्षापूर्वी फाट्यावर लाकूड टाकणारे दोघे होते. संडास, दिवा, गरम पाणी, डब्याच्या पाळ्या, सगळं त्यांना पहिल्या दिवसापासून तयार मिळालं.

वेगळं काय करता आलं असतं

बंद घरांचा पर्याय पहिल्याच बैठकीत निवडता आला असता. वादळाच्या रात्री चार-पाच तासांत जे जमलं, त्याला मेमध्ये पंधरा दिवस हाताशी होते. पहाऱ्याची अडचण खरी होती, पण रोज सकाळी आशाताईंनी ओट्याबाहेरून ताप विचारणं आणि वाडीतल्या दोघांनी लक्ष ठेवणं एवढ्यावर ती सुटली असती. पुढे ऑगस्टमध्ये तशीच सुटली. एक खरा आक्षेप राहतो तो असा की ज्यांची गावात मोठी घरं नाहीत आणि ज्यांच्यासाठी कोणी घर उघडणार नाही, त्यांचं काय. त्यांच्यासाठी शाळेची स्लॅबची खोली ठेवता आली असती, चार-पाच माणसांपुरती, दिवा आणि पाण्यासकट.

मंडळाला पहिल्या दिवसापासून बैठकीत घ्यायला हवं होतं. चिटणिसांचा पर्याय चांगला होता म्हणूनच केवळ नव्हे. ज्यांच्यावर बंधन येणार त्यांचा आवाज ठरवताना नसेल, तर त्यांच्या अडचणी कोणाच्या डोक्यातच येत नाहीत. संडासाचा दिवा हे त्याचं उदाहरण. बायकांपैकी एकीलाही कोणी विचारलं असतं तर तो पहिल्या दिवशी लागला असता.

रुग्णाचं नाव कोणाला कळावं याचा नियम अहवाल येण्याआधी ठरायला हवा होता: आरोग्य कर्मचारी, संपर्कातली घरं, सरपंच, बस. आशाताईंनी जूनमध्ये तोच पाळला, पण स्वतःच्या समजुतीने, आणि कोणी जाब विचारला असता तर त्यांच्या पाठीशी कागद नव्हता. त्यांच्या दुधाचं जे झालं त्याबद्दल गावकीने आजवर त्यांच्याकडे शब्द काढलेला नाही. तो काढायला अजूनही उशीर झालेला नाही.

कौलं चढवायच्या वेळी मात्र काय वेगळं करायला हवं होतं, यावर माझं मत ठाम नाही. पावसाच्या तोंडावर उघड्या घरात म्हातारी माणसं ठेवणं हाही जीवावरचाच धोका होता. ज्यांचे चौदा दिवस भरले होते त्यांना आधी वर चढवायचं आणि बाकीच्यांना खाली कौलं निवडायला बसवायचं, एवढं तरी करता आलं असतं. त्यासाठी कोणाचे किती दिवस झाले याची शाळेतली वही जवळ असायला हवी होती. ती कौलांच्या ढिगाखाली भिजून गेली होती.